पाटी आहे, परवाना नाही

दिव्यांगांसाठी राखलेली पार्किंगची जागा हा इमारतीच्या दाराचाच भाग आहे. रॅम्प, लिफ्ट, रुंद दरवाजे, वेगळे स्वच्छतागृह यांवर कितीही खर्च केला, तरी गाडीतून खाली उतरायलाच जागा मिळाली नाही तर पुढचे सगळे त्या माणसासाठी नसल्यासारखेच असते. नागपुरात मॉल, मोठी रुग्णालये, नव्या सरकारी इमारती अशा ठिकाणी व्हीलचेअरचे पांढरे चित्र असलेली निळी पाटी आता ओळखीची झाली आहे. ती पाटी नेमकी कोणाला जागा देते, कोणाला अडवते आणि तिला कोणी जुमानले नाही तर काय होते, याची उत्तरे मात्र पाटीवर नसतात आणि बऱ्याच अंशी कायद्यातही नाहीत.

व्हीलचेअरचे हे चित्र जगभर एकच आहे. १९६८ साली सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने ते रेखाटले. तिच्या मूळ आकृतीत फक्त खुर्ची होती. वरचा गोल, म्हणजे माणसाचे डोके, नंतर जोडण्यात आले आणि १९६९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय चिन्ह म्हणून स्वीकारले गेले. चिन्ह सगळीकडे पोहोचले. त्यामागे अनेक देशांत जी परवान्याची व्यवस्था उभी राहिली, ती आपल्याकडे आली नाही. राखीव जागांच्या गैरवापराचे मूळ लोकांच्या बेफिकिरीत आहेच, पण त्याहून जास्त ते या उणिवेत आहे.

३.६ मीटर कशासाठी

डिसेंबर २०२० पासून नागपूरसह राज्याच्या बहुतेक भागात एकच विकास नियमावली लागू आहे. बांधकाम व्यवसायात तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी या नियमावलीने चार गोष्टी सांगितल्या आहेत. प्रवेशद्वाराजवळ दिव्यांगांसाठी दोन कारइतकी जागा जमिनीच्या पातळीवर असावी. ती दारापासून ३० मीटरच्या आत असावी. तिची रुंदी किमान ३.६ मीटर असावी. आणि ती राखीव असल्याचे ठळकपणे लिहिलेले असावे. शिवाय दृष्टिहीन व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या फरशा किंवा ध्वनिसंकेतही हवेत.

याच नियमावलीत साध्या कारची जागा २.५ मीटर रुंद धरली आहे. राखीव जागेतली वाढीव रुंदी सुमारे साडेतीन फुटांची. पार्किंगची आखणी करणाऱ्याला ती वाया गेलेली जागा वाटते आणि दुचाकीवाल्याला ती मोकळी जागा दिसते. प्रत्यक्षात सगळे काम त्या साडेतीन फुटांतच होते. व्हीलचेअर वापरणारा माणूस स्वतः गाडी चालवत आला असेल, तर त्याला दार पूर्ण उघडावे लागते. घडी केलेली खुर्ची बाहेर काढून उघडायची, सीटला खेटून उभी करायची, चाकांचे ब्रेक लावायचे, मग दोन्ही हातांवर भार घेऊन शरीर सीटवरून खुर्चीवर सरकवायचे. खुर्चीची रुंदी ६५ ते ७५ सेंटिमीटर असते आणि ती वळवायला तेवढीच आणखी जागा लागते. पायाला कॅलिपर असलेल्या माणसाची अडचण निराळी आहे. गुडघ्याचे कुलूप उघडेपर्यंत त्याचा पाय ताठ राहतो, म्हणून अर्धवट उघडलेल्या दारातून त्याला उतरताच येत नाही.

येताना जागा मिळाली आणि परत येईपर्यंत त्या पट्ट्यात कोणी मोटारसायकल लावून गेले, तर माणूस स्वतःच्या गाडीबाहेर अडकतो. गाडी समोर असते, किल्ली हातात असते, पण दार उघडत नाही. धडधाकट माणूस अशा वेळी दुसऱ्या बाजूने चढून सीट ओलांडतो. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला मोटारसायकलवाल्याची वाट पाहण्याखेरीज काही करता येत नाही.

३० मीटरच्या अटीचा अर्थ समजायला नागपूरसारखे शहर दुसरे नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. खुर्चीची धातूची कडी उन्हात तापते आणि ती हातांनीच ढकलायची असते. कुबड्या घेऊन चालणाऱ्याला लांबचे अंतर कापण्यासाठी इतरांपेक्षा कितीतरी जास्त श्रम पडतात. दुपारी दोन वाजता डांबरावरून दोनशे मीटर जाणे म्हणजे दमणूक तर आहेच, पण तोल जाऊन पडण्याची भीती त्याहून मोठी.

ही गरज पोलिओबरोबर संपेल, असाही एक समज आहे. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, हे खरे. पण पोलिओने पाय गेलेली पिढी आज कामाच्या वयात आहे, उताराकडे लागली आहे. त्यात रस्ते अपघातात मणक्याला इजा झालेले तरुण, मधुमेहामुळे पाय गमावलेले, पक्षाघातातून उठलेले लोक मिळवावे लागतात. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांगांची नोंद झाली, त्यांत साधारण पाचव्या हिश्श्याचे अपंगत्व हालचालीचे होते. एकट्या महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून अधिक होती.

बर्डी आणि धंतोली

सीताबर्डीत मेट्रोचे मोठे अदलाबदल स्थानक मुंजे चौकात आहे. मेट्रोने शहराला बरेच काही नवे दिले. लिफ्ट, तिकीटघरापर्यंत जाणारी स्पर्शफरशी, डब्यात खुर्चीसाठी जागा. २०१९ मध्ये पहिली गाडी धावली आणि डिसेंबर २०२२ पर्यंत पहिल्या टप्प्याच्या चारही दिशा जोडल्या गेल्या. परंतु स्थानकाच्या लिफ्टमधून बाहेर पडलेला माणूस बर्डीच्या मुख्य रस्त्यावर येतो तेव्हा दुकानांसमोर दुचाकींच्या रांगा, त्यापुढे फेरीवाले आणि उरलेल्या चिंचोळ्या वाटेवर गर्दी असते. मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्यांमध्ये कार शिरली तर निघणे कठीण. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर इथे पायी चालणारेही थांबत थांबत जातात. ज्याला स्वतःच्या वाहनानेच यावे लागते, अशा दिव्यांगासाठी बर्डीचा बाजार त्या काळात बंद असतो म्हटले तरी चालेल.

धंतोली आणि रामदासपेठेचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तिथे लोक हौसेने येत नाहीत. मूळच्या बंगल्यांच्या या वस्त्यांमध्ये एकामागून एक रुग्णालये उभी राहिली. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळपासून छिंदवाडा, बालाघाट आणि राजनांदगावपर्यंतचे रुग्ण इथे येतात. घरांसाठी आखलेले रस्ते रुग्णवाहिका, भाड्याच्या जीपा आणि नातेवाइकांच्या मोटारसायकलींनी भरून जातात. रुग्णालयांची पार्किंगची जागा दुसऱ्याच कामाला लावली जाते, अशी तक्रार रहिवासी वर्षानुवर्षे करत आले आहेत. धंतोली नागरिक मंडळाने हा विषय जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेला आणि त्यातून पार्किंगबाबत निर्देशही निघाले.

दिव्यांगांच्या जागेविषयी धंतोली एक महत्त्वाची गोष्ट शिकवते. इथे येणारा अपंग माणूस बहुतेक वेळा चालक नसतो. तो मागच्या सीटवर असतो, कधी भावाच्या गाडीत, कधी गावातून ठरवून आणलेल्या वाहनात. त्या वाहनावर कोणतीही खूण नसते आणि परतीच्या भाड्याला ते दुसऱ्याच कोणाला घेऊन जाणार असते. राखीव जागेचा हक्क वाहनाला जोडला तर तो या रुग्णाला कधीच मिळणार नाही. तो माणसालाच जोडायला हवा.

रेल्वेने निदान स्वतःपुरते हे नियम लिहून ठेवले आहेत. मोठ्या स्थानकांवर दिव्यांगांच्या वाहनांसाठी किमान दोन जागा राखाव्यात आणि तिथून इमारतीपर्यंत पाय न घसरणारी वाट असावी, असे रेल्वे मंत्रालयाचे निर्देश आहेत. जागा आणि वाट या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत, ते योग्यच. जागा राखीव असली आणि तिच्यापुढे सहा इंचांची पायरी किंवा उखडलेले पेव्हर ब्लॉक असले, तर माणूस तिथून पुढे जाणार कसा?

जागा कशी जाते

राखीव जागा बळकावणारा प्रत्येक जण निर्ढावलेला असतो असे नाही. सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य आहे, 'दोन मिनिटांत येतो ना भाऊ.' त्याखालोखाल, 'जागा खालीच तर होती.' ही दुसरी सबब जास्त घातक, कारण ती तर्काला पटते. राखीव जागा दिवसातला बराच वेळ रिकामी दिसणारच. ती रिकामी असणे हेच तिचे काम आहे, कारण ज्याला ती हवी आहे तो कधी येईल हे सांगता येत नाही आणि आल्यावर त्याला दुसरा पर्याय नसतो. अग्निशमन दलाचा बंब बहुतेक वेळ उभाच असतो, म्हणून तो कोणी भाड्याने देत नाही.

खुद्द इमारतीच्या व्यवस्थापनाकडून होणारा गैरवापर कमी दिसतो आणि जास्त टिकतो. राखीव जागेत जनरेटर येतो, कुंड्या येतात, सेल असला की मांडव येतो. काही ठिकाणी जागा खरोखरच जपायची म्हणून तिच्याभोवती साखळी लावतात आणि कुलपाची किल्ली सुरक्षारक्षकाकडे ठेवतात. हेतू चांगला असतो, पण गाडी चालवत आलेल्या माणसाने खाली उतरून साखळी कशी काढायची, याचा विचार कोणी केलेला नसतो. त्याला हॉर्न वाजवत रक्षकाची वाट पाहावी लागते, मागच्या गाड्या खोळंबतात आणि पुढच्या वेळी तो त्या इमारतीत येण्याचेच टाळतो. सरकारी कार्यालयांत आणखी एक अडचण आहे. दारासमोरच्या सगळ्यात जवळच्या जागा पदनामाच्या पाट्यांनी आधीच भरलेल्या असतात.

रॅम्पचे तोंड अडवणे हाही याच गैरवापराचा भाग आहे, जरी त्याची मोजदाद पार्किंगमध्ये होत नाही. रॅम्प जिथे रस्त्याला मिळतो ती सपाट जागा दुचाकी लावायला सोयीची असते. बँक, औषधांचे दुकान, पोस्ट कार्यालय, कुठेही पाहावे. पायऱ्यांसमोर गाडी लावली तर लोक बोलतात, रॅम्पसमोर लावली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

दिव्यांगाच्या नावाचा आडोसा घेऊन त्याच्याशिवाय जागा वापरणारेही असतात. घरातल्या एका व्यक्तीच्या नावावर गाडी असते आणि ती व्यक्ती घरीच असताना बाकीचे त्या जोरावर दाराजवळची जागा मागतात. व्हीलचेअरचे स्टिकर तर गाड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानात कोणालाही मिळते. त्याला कायद्यात काहीच अर्थ नाही आणि तरीही सुरक्षारक्षकाकडे पडताळण्यासारखी तेवढी एकच वस्तू असते. या सगळ्याचा निवाडा शेवटी महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या त्या रक्षकावर येऊन पडतो. मोठ्या गाडीतून उतरलेल्या माणसाला 'ही जागा तुमची नाही' म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी लिहून दिलेला नसतो. आणि ज्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, हृदयाच्या किंवा स्नायूंच्या आजाराने जो शंभर पावलांत थकतो, त्याला हाच रक्षक अडवतो. पडताळणीचे साधन नसले की खरा माणूस आणि खोटा माणूस दोघेही अंदाजाने ओळखले जातात.

कागदपत्रे आहेत, पण ती नव्हेत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे २१ प्रकार त्यात आहेत. बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळांवर मानकांप्रमाणे पार्किंग देण्याची जबाबदारी कलम ४१ ने सरकारवर टाकली आहे. मानके पाळल्याशिवाय इमारतीला परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला मिळू नये, असे कलम ४४ सांगते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. राखीव जागेत कोणाला उभे राहता येईल हे ठरवणारा परवाना मात्र या कायद्यात नाही आणि मोटार वाहन कायद्यातही नाही.

जवळपास पोहोचणारी कागदपत्रे दोन आहेत. पहिले म्हणजे यूडीआयडी, दिव्यांगांचे विशिष्ट ओळख कार्ड. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होऊन अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते आणि त्याआधारे हे देशभर चालणारे कार्ड तयार होते. ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्वाला पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि त्यावर निळे, अशी रंगांची विभागणी आहे. मात्र टक्केवारीवरून पार्किंगची गरज कळत नाही. पूर्ण बहिऱ्या माणसाचे कार्ड निळे असेल, पण त्याला रुंद जागेची गरज नाही. पिवळे कार्ड असलेल्या कॅलिपरधारकाला ती रोज लागते. शिवाय कार्ड खिशात असते. माणूस आत कामाला गेल्यावर बाहेर उभ्या गाडीवरून काहीच कळत नाही.

दुसरी नोंद वाहनाची. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातला 'इनव्हॅलिड कॅरेज' हा जुना शब्द गेला आणि अपंगत्वानुसार बदल करून घेतलेल्या वाहनांनाही व्याख्येत जागा मिळाली. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार म्हणून 'दिव्यांगजन' लिहिण्याची सोय झाली. करसवलत आणि टोलमाफी मिळवताना पूर्वी होणारी ओढाताण त्यामुळे कमी व्हावी, हा उद्देश होता. पण तीही आरसी पुस्तकातली नोंद. काचेवर लावायचे, दुरून वाचता येईल असे काही त्यातून हाती पडत नाही आणि धंतोलीत भाड्याच्या जीपने आलेल्या रुग्णाला तर तिचा उपयोगच नाही.

मानकांच्या बाबतीत अलीकडची सगळ्यात मोठी घडामोड सर्वोच्च न्यायालयातली आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने २००५ मध्ये सुगम्यतेसाठी याचिका केली होती. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना न्यायालयाने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५ (१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो ती केवळ शिफारशीच्या भाषेत आहेत, हा त्यातला दोष. ज्यांत तडजोड चालणार नाही अशी किमान मानके वेगळी काढून तीन महिन्यांत सक्तीची करा, असे केंद्राला सांगण्यात आले. या निकालाआधी 'असावे' आणि 'असलेच पाहिजे' यांमधल्या फटीतून किती इमारती निसटल्या असतील, याची कल्पना कोणत्याही जुन्या बाजारपेठेतून फिरताना येते.

साइड व्हीलची स्कूटर

नियम कारच्या मापाने लिहिले गेले, पण नागपुरात पायाने अधू असलेल्या माणसाचे नेहमीचे वाहन म्हणजे साइड व्हील लावलेली बिनगिअरची स्कूटर. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जास्तीची चाके बसवून घ्यायची, कुबडी अडकवायला बाजूला एक कडी लावायची, आरटीओत बदलाची नोंद करून घ्यायची आणि नोकरी, मुलांची शाळा, भाजीबाजार सगळे तिच्यावरून करायचे. कार परवडणारा दिव्यांग विरळा; ही स्कूटर त्याचा खरा पाय आहे.

पार्किंगमध्ये तिचे हाल सगळ्यात जास्त होतात. नियमावलीत दुचाकीची जागा एक मीटर रुंद धरलेली असते, ही स्कूटर तिच्यात मावत नाही. दुचाकींच्या रांगेत पार्किंगवाला पोरगा गाड्या उचलून सरकवतो आणि आणखी चार गाड्या बसवतो; साइड व्हीलची स्कूटर तशी सरकत नाही, ओढाताणीत तिची जोडचाके वाकतात. त्याहून मोठी अडचण मागे घेण्याची. साधी स्कूटर स्वार पायांनी ढकलत मागे आणतो. या स्वाराच्या पायांत ते बळ नसते आणि बहुतेक स्कूटरना मागे जाण्याचा गिअर नसतो. म्हणून तिला अशी जागा हवी की सरळ आत शिरावे आणि सरळच पुढे निघावे. तिच्या मागे कोणी आडवी गाडी लावली, की स्वाराला मदतीसाठी हाका माराव्या लागतात.

यूडीसीपीआरमधील 'दोन कारइतकी जागा' ही शब्दयोजना इथे कामी येऊ शकते. ३.६ बाय ५ मीटरच्या दोन जागांपैकी एक कारसाठी आणि दुसरी आरपार निघता येईल अशा रीतीने अशा स्कूटर व बॅटरीवरच्या तीनचाकींसाठी आखली, तर खर्च फक्त रंगाचा आहे. कानपूरच्या ॲलिम्को कंपनीच्या बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी सरकारी योजनेतून वाटल्या जातात. त्या वापरणाऱ्यांनाही हीच जागा लागते. आज सुरक्षारक्षक स्कूटरला 'ही कारची जागा आहे' म्हणून दुचाकींकडे पाठवतो आणि दुचाकींच्या रांगेतून तिला परत पाठवले जाते.

दंड कोणी करायचा

सार्वजनिक रस्त्यावरच्या जागेचे उत्तर सोपे आहे. पार्किंगच्या जागा ठरवणे, चिन्हे लावणे आणि अडथळा आणणारे वाहन उचलणे यांचे अधिकार मोटार वाहन कायद्याने दिलेले आहेत; ते वाहतूक पोलीस महापालिकेच्या सल्ल्याने वापरतात. चुकीच्या जागी गाडी लावल्यास महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १,५०० रुपये दंड आहे. दिव्यांगांची जागा अडवणाऱ्याला या कायद्यात वेगळा, जास्त दंड नाही. हॉटेलसमोर चुकीच्या जागी गाडी लावणारा आणि व्हीलचेअरवाल्याची एकमेव जागा अडवणारा, दोघांना एकच शिक्षा.

मॉल, रुग्णालय किंवा कार्यालयाच्या आवारात हा अधिकार धूसर होतो. कायद्यातली 'सार्वजनिक जागे'ची व्याख्या व्यापक आहे, लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे ती जागा तिच्यात बसते. तरीही फाटकाच्या आत चालान करायला वाहतूक पोलीस सहसा जात नाहीत. व्यवस्थापन म्हणते दंडाचा अधिकार आमच्याकडे नाही. महापालिका नकाशात जागा दाखवली आहे का ते बांधकाम मंजूर करताना पाहते, वापर सुरू झाल्यावर पुन्हा कोणी मोजायला येत नाही. राखीव जागांची बहुसंख्या आवारांच्या आतच असल्याने सगळ्यात मोठा गैरवापर नेमका दंडाच्या पलीकडे राहतो.

नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जून २०२२ मध्ये एक कल्पना मांडली होती. चुकीच्या जागी उभ्या वाहनाचा फोटो पाठवणाऱ्याला दंडाच्या रकमेतून ५०० रुपये द्यावेत. तेव्हा तिची चर्चा बरीच झाली. सगळ्या शहराच्या पार्किंगला ती कल्पना झेपणारी नाही, भांडणे वाढतील. पण दिव्यांगांच्या मोजक्या राखीव जागांपुरती तिची चाचणी घेण्यासारखी आहे, कारण तिथे गाडीच्या काचेवर परवाना आहे की नाही एवढेच फोटोत पाहायचे असेल. त्यासाठी आधी परवाना हवा.

ब्रिटनचा निळा बिल्ला, अमेरिकेचा धडा

ब्रिटनमध्ये १९७० च्या कायद्याने अशा परवान्याची तरतूद झाली. सुरुवातीच्या नारिंगी बिल्ल्याची जागा २००० पासून युरोपभर सारख्या असलेल्या निळ्या बिल्ल्याने घेतली. तो माणसाच्या नावाने निघतो, वाहनाच्या नाही. एका बाजूला चिन्ह, क्रमांक आणि मुदत, दुसऱ्या बाजूला धारकाचा फोटो. तो ज्या गाडीत बसेल तिच्या काचेमागे बिल्ला ठेवायचा, मग ती टॅक्सी का असेना. मुदत साधारण तीन वर्षांची, नंतर पुन्हा अर्ज. धारक बरोबर नसताना कोणी तो वापरला तर एक हजार पौंडांपर्यंत दंड. २०१९ पासून इंग्लंडमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या अपंगत्वालाही तो मिळू लागला.

अमेरिकेने दुसरी बाजू दाखवली. तिथल्या अनेक राज्यांत परवानाधारकाला रस्त्यावरचे पार्किंग फुकट आणि वेळेच्या मर्यादेविना मिळू लागले. मोठ्या शहरांत दिवसभराच्या पार्किंगचे पैसे खूप असल्याने परवान्यालाच बाजारभाव आला. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातील फुटबॉल खेळाडूंवर खोट्या कारणांनी असे परवाने मिळवल्याचे गुन्हे दाखल झाले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. मिशिगन राज्याने त्याआधीच मार्ग काढला होता: जागेचा हक्क सगळ्या परवानाधारकांना, पण पार्किंग फुकट फक्त त्यांनाच ज्यांना मीटरमध्ये पैसे टाकणे शक्य नाही. गैरवापर जागेमुळे कमी आणि फुकटपणामुळे जास्त होतो, हे त्यातून दिसले.

नागपुरात पे अँड पार्कचे दर इतके कमी आहेत की फुकटपणाचे आकर्षण नाहीच. इथे मोल आहे ते दाराजवळच्या जागेचे. म्हणून परवाना देताना पैशाची सूट जोडण्याची गरज नाही. जागेची हमी पुरेशी आहे. खोटे परवाने निघतील ही भीती अनाठायी नाही. २०२४ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेतील एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून वाद उठला आणि राज्यभर प्रमाणपत्रांच्या पडताळणीची मागणी झाली. पण त्याचा उपाय यूडीआयडी क्रमांकाशी जोडलेला, मुदतीचा आणि मोबाइलवर तपासता येणारा परवाना हाच आहे. आजच्या स्टिकरपेक्षा खोटे करायला तो कितीतरी कठीण.

अधिवेशनाचा पास

असा परवाना नागपूरला जमेल का, या शंकेला शहराचा स्वतःचा अनुभव उत्तर देतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरते. डिसेंबरमध्ये सिव्हिल लाइन्सचे रस्ते बदलतात, वाहनांना पास दिले जातात, काचेवर ते लावलेले असतात आणि चौकाचौकांत पोलीस ते पाहून गाडी सोडतात किंवा वळवतात. बिनापासाची गाडी आत गेली तर जाब विचारला जातो. कोणाला पास द्यायचा, कुठपर्यंत चालेल, कधी संपेल, हे सगळे ठरलेले असते आणि पाळले जाते. हीच शिस्त वर्षभर दिव्यांगांच्या जागांसाठी लावायला नवे खाते किंवा नवी इमारत लागत नाही.

महापालिकेची दहा झोन कार्यालये आहेत आणि स्थानिक संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचाच आहे. झोन कार्यालयाने यूडीआयडीच्या आधारे, हालचालीच्या गरजेचा वैद्यकीय दाखला पाहून व्यक्तीच्या नावाने परवाना द्यावा. वाहतूक पोलिसांनी त्याची अधिसूचना काढावी. रुग्णालये, मॉल आणि सरकारी कार्यालयांनी आवारातल्या राखीव जागांची यादी द्यावी आणि तिथे चालान करण्याची लेखी विनंती पोलिसांना करून ठेवावी. भोगवटा प्रमाणपत्रानंतर त्या जागा वर्षातून एकदा तपासल्या जाव्यात. धंतोलीत, जिथे रुग्णालयाच्या आत जागाच उरलेली नाही, तिथे रस्त्याच्या कडेला रुग्ण उतरवण्यासाठी रंगवलेल्या जागा ठेवाव्या लागतील. यातले बहुतेक काम नव्या कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. उशीर झाला तो ठरवण्याला.

सोसायट्यांमध्ये पार्किंग कमी पडले की चिठ्ठ्या टाकून वाटप होते. चिठ्ठ्या टाकण्याआधी लिफ्टजवळची एक रुंद जागा अशा सभासदासाठी बाजूला काढणे सर्वसाधारण सभेच्या एका ठरावाचे काम आहे. दुकानदारांनी रॅम्पसमोरच्या जमिनीवर पिवळे पट्टे आखून घ्यावेत आणि तिथे लागलेली दुचाकी गिऱ्हाइकाची असली तरी हलवायला सांगावी.

राखीव जागा अडवलेली दिसली तर वाहनाचा क्रमांक, पाटी आणि आजूबाजूचा परिसर एकाच फोटोत घेऊन तो वाहतूक पोलिसांना पाठवावा. इमारतीत राखीव जागाच नसेल, ती अरुंद असेल किंवा तिच्यात सामान भरलेले असेल, तर झोन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. केंद्र सरकारच्या सुगम्य भारत ॲपवरही फोटोसह तक्रार नोंदवता येते. त्यानंतरही काही हलले नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार २०१६ च्या कायद्यातील कलम ८२ ने त्यांना दिलेले आहेत, आणि तक्रारदाराला तिथे स्वतःची बाजू वकिलाशिवाय मांडता येते.